चष्म्याला कवटीच्या आतले दिसत नाही

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत सध्या एक संदेश मोबाईलवर फिरतोय. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे एआरचा चष्मा घातला की सर्जनला कातडीआडची हाडे थेट दिसतात, सीटी स्कॅनची गरज संपली, चूक होतच नाही, नवखा डॉक्टरही जबड्याचे ऑपरेशन करू शकतो, आणि ज्या इस्पितळात हा चष्मा नाही तिथे ऑपरेशन करून घेऊ नका. यातले शेवटचे वाक्य कुणाचा तरी डोळा घालवू शकते, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

हाडे थेट दिसतात, हे मुळातच खोटे. चष्म्यातून क्ष-किरण निघत नाहीत. रुग्णाचा आधी काढलेला, साधारण एक मिलीमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी स्कॅन संगणकात घालतात, त्यातून हाडांची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात आणि चष्मा तीच दाखवतो. सीटीच नसेल तर चष्म्यात दाखवायला काही उरत नाही.

खरे नियोजन ऑपरेशनच्या आधी, संगणकासमोर बसून होते. एका डोळ्याची खोबण फुटली असेल तर धड बाजूची उलटी प्रतिमा फुटलेल्या बाजूवर ठेवून पाहतात, मग हाड कुठवर यायला हवे ते कळते. फुटलेल्या खोबणीला आधार द्यायची टायटॅनियमची जाळी कशी वाकवायची तेही त्यावरूनच ठरते. एआरमुळे ही आखणी थेट रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसते, पडद्याकडे वारंवार मान वळवावी लागत नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो आपल्याकडेही यावा असे मला मनापासून वाटते.

पण 'चूक होतच नाही' म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे. चित्र आणि चेहरा एकमेकांवर तंतोतंत बसवावे लागतात. त्यासाठी दात किंवा हाडावरच्या ठरावीक खुणा धरतात, कारण सुजलेली कातडी स्कॅनच्या दिवशी होती तशी राहत नाही. खालचा जबडा तर हलतोच, त्याचा माग वेगळा ठेवावा लागतो. इतके करूनही प्रकाशित अभ्यासांत बऱ्याचदा एक ते तीन मिलीमीटरचा फरक राहतो. डोळा दोन मिलीमीटरहून जास्त आत गेला की समोरच्याला दिसून येते. तिथे हा फरक किरकोळ कसा म्हणायचा? कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचे पाणी निघून जाते, मेंदू थोडा खाली बसतो, पण चित्र मात्र जुन्याच जागेवर राहते. अशा कामांत बराच वापरला गेलेला मायक्रोसॉफ्टचा एआर चष्मा, होलोलेन्स, याचेच उदाहरण घ्या. त्याच्या भिंगांची नजर सुमारे दोन मीटरवर जुळवलेली असते, तर सर्जनचे हात असतात अर्ध्या मीटरवर. चित्र आणि जखम एकाच वेळी स्पष्ट दिसणे डोळ्यांना कठीण जाते. मायक्रोसॉफ्टने या यंत्राचे उत्पादन २०२४ मध्ये बंदही केले.

नवख्या डॉक्टरबद्दलचा दावा दोन वाक्यांत निकालात निघतो. चित्र कुठे सरकले आहे हे ओळखायला अनुभवी हातच लागतो. ते ज्याला ओळखता येत नाही, त्याच्यासाठी चष्मा उलट धोक्याचा.

आता चष्मा नसलेल्या इस्पितळाबद्दल. जबडा मोडला तर सर्जन आधी वरखालचे दात मूळच्या जागी जुळवून तारेने बांधतात आणि मग हाडावर पट्टी व स्क्रू बसवतात. दात बरोबर बसले की जबडा बरोबर बसतो. ही पद्धत चष्म्यावाचून चालते आणि चांगली चालते. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आहे, गोवा दंत महाविद्यालयही तिथेच आहे. दुचाकीवरून पडलेल्या माणसाला चष्मा शोधत मुंबईला नेण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. चेहऱ्याची मोडलेली हाडे साधारण दोन आठवड्यांत वाकडीच धरू लागतात, मग ती पुन्हा मोडून बसवावी लागू शकतात.

लहान मुलांबाबत तर तासांचा हिशेब असतो. चेंडू किंवा ठोसा लागून मुलाचा डोळा वर वळेनासा झाला, वळवताना दुखू लागले, उलट्या झाल्या, तर डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसत असला तरी खोबणीच्या फटीत स्नायू अडकलेला असू शकतो. तो एक-दोन दिवसांत सोडवला नाही तर कायमचा अधू होऊ शकतो. सूज उतरेपर्यंत थांबायचे की नाही, हे अशा वेळी तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवायचे. त्या मुलाला त्याच रात्री इस्पितळात न्या.