बायोडाटात 'रंग' लिहिताना घ्यायची काळजी

लग्नसराई आली की सांगलीतल्या डीटीपीच्या दुकानांत बायोडाटा करायला झुंबड उडते, आणि देवक, नाडी, मामेकूळ घडाघडा सांगणारी माणसं एकाच रकान्यापाशी येऊन गप्प होतात. रंग. म्हटलं थोडं मार्गदर्शन करूया.

सगळ्यात आधी, आरशात बघून रंग लिहायचा नाही. आरशाला काय कळतंय? मुलगा असेल आणि तासगावकडं द्राक्षबाग असेल तर तो रकानाच उडवा, कोण विचारत नाही. मुलगी असेल तर मात्र दोन पायऱ्या वर चढून लिहायचं, म्हणजे गव्हाळ असली तर गोरी, सावळी असली तर निमगोरी, आणि त्याच्याही पलीकडची असली तर गव्हाळ. गहू कुठला, लोकवन का खपली, हे समोरचा विचारत नसतो. 'काळी' हा शब्द फक्त जमिनीसाठी राखून ठेवा, तो मात्र ठळक अक्षरात टाका. आणि हळदीनं रंग उजळतो म्हणून सांगणाऱ्या आत्याबाईंना एकदा मार्केट यार्डात न्या, आयुष्यभर हळदीची पोती वाहणारे हमाल किती गोरेपान झालेत ते दाखवा.

हा घोळ आपलाच आहे असं समजून लाजू पण नका. अमेरिकेत शंभर वर्षांमागं बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. १९२२ ला ताकाओ ओझावा नावाचा जपानी माणूस सुप्रीम कोर्टात म्हणाला, माझी कातडी बघा, गोरीच आहे. कोर्ट म्हणालं कातडीचं सोडा, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. बरं. तीनच महिन्यांनी आपला भगतसिंग थिंद उभा राहिला, अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला पंजाबी माणूस, म्हणाला शास्त्रज्ञांच्या हिशोबानं मी कॉकेशियनच की, तर तेच कोर्ट, निकाल लिहिणारा जज पण तोच, म्हणतंय शास्त्र राहू दे बाजूला, साधा माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. आमच्या आत्याबाईंना त्या कोर्टात सहज नोकरी मिळाली असती बघा.

पुढं १९७० च्या तिथल्या जनगणनेत भारतीय लोक गोऱ्यांत मोजले, १९८० ला एशियनमध्ये. दहा वर्षांत वंश बदलला, तोही उन्हात न जाता! दक्षिण आफ्रिकेत तर १९५० च्या वंशनोंदणी कायद्यानंतर केसात पेन्सिल खोचून बघायचे, पडली तर एक गट, अडकली तर दुसरा, त्यात सख्खी भावंडं पण वेगवेगळ्या गटात गेली. आपल्याकडं निदान पेन्सिल नाही, कांदेपोहे तरी मिळतात.

क्रीमवाल्यांनी २०२० ला नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, तेव्हा तुम्हीपण 'ग्लोइंग' लिहायला हरकत नाही.

परवा विश्रामबागेत झेरॉक्स काढायला गेलो होतो. एक काकू मुलीला घेऊन बसलेल्या. कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं, "काकू, रंग काय टाकू?" काकूंनी मुलीकडं बघितलंपण नाही. "तुझ्या फॉरमॅटमध्ये काय आहे?"

"गव्हाळ."

"मग राहू दे की. आणि फोटो जरा उजळ कर."

त्यानं केला. मुलगी स्क्रीनकडं बघून म्हणाली, "दादा, हात राहिला." खरंच, हनुवटीखाली टेकवलेला हात तेवढा तिचा तिच्याच रंगाचा होता.

त्यानं हात क्रॉप केला. ३० रुपये घेतले.