पीएचडीची मधली परीक्षा

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी 'पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत?' असा सवाल केला आणि त्यावरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. त्याच महिन्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी झालेल्या परीक्षेत 2019च्या सेटची (प्राध्यापक पदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची) प्रश्नपत्रिका पुन्हा वापरल्याचा आरोप झाला. पुढच्या जूनमध्ये यूजीसी-नेटचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण देशभरातील पीएचडी प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची सुरुवात होणार होती. 18 जूनला 9 लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली ती परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. अमेरिकेतील एका बिझनेस स्कूलमध्ये शिकवताना मी या बातम्या वाचत होते. आपला सगळा वाद प्रवेशाच्या दारात होतो किंवा प्रबंध सादर झाल्यानंतर होतो, आणि मधल्या वर्षांत संशोधक घडतो की नाही हे कोण, कधी आणि कसे तपासते, हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून खटकत आली आहे.

इथे अमेरिकेतील बिझनेस स्कूलमध्ये नेमका तोच प्रश्न सर्वांत मोठा मानला जातो. वित्त, लेखांकन, विपणन, व्यूहरचना, संघटनात्मक वर्तन अशा प्रत्येक शाखेत वर्षाला मोजकेच विद्यार्थी घेतले जातात, आणि पहिली दोन वर्षे त्यांना प्रबंधाचा विषय कोणी विचारत नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती किंवा मानसशास्त्रीय प्रयोगपद्धती, आणि आपापल्या शाखेची चर्चासत्रे यांतच ती दोन वर्षे जातात. त्यानंतर क्वालिफायर, म्हणजे पुढे संशोधन करू द्यायचे की नाही हे ठरवणारी पात्रता परीक्षा, येतो. कुठे त्याला कॉम्प्स म्हणतात, कुठे प्रिलिम्स. लेखी परीक्षा एक किंवा अधिक दिवस चालते, अनेक विभागांत तिला तोंडी परीक्षेची जोड असते, आणि नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी एकच संधी आणखी मिळते. त्यापुढे कुठे लगेच, तर कुठे संशोधन प्रस्तावाचा बचाव झाल्यावर, विद्यार्थ्याला कँडिडसी मिळते, म्हणजे तो पीएचडीचा अधिकृत उमेदवार ठरतो. (ही पायरी ओलांडल्याची बातमी घरी कळवली की 'म्हणजे झाली ना पीएचडी?' असा प्रश्न येतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणालाही देता आलेले नाही.)

प्रश्न कसे असतात, हे सांगितल्याशिवाय या परीक्षेचे स्वरूप कळणार नाही. वित्तशाखेच्या विद्यार्थ्याला मोदिग्लियानी आणि मिलर यांचा 1958चा सिद्धांत ठाऊक असणे गृहीतच असते: ठरावीक गृहीतके मान्य केली, तर कंपनीने भांडवल कर्जातून उभे केले की समभागांतून, यावर तिचे मूल्य अवलंबून राहत नाही. परीक्षेत विचारले जाते ते असे, की यातील कोणते गृहीतक सैल केले असता कोणता निष्कर्ष ढासळतो, आणि तुझे म्हणणे खोटे ठरवू शकेल अशी आकडेवारी तू कुठून आणशील? किंवा कधीही न वाचलेला एखादा शोधनिबंध हाती दिला जातो. महिला संचालक असलेल्या कंपन्या अधिक नफा कमावतात, असा निष्कर्ष त्यात काढलेला असतो. मुळात नफ्यातील कंपन्याच महिलांना संचालकपदी नेमत असतील ही शक्यता लेखकाने कशी दूर केली, की केलीच नाही, हे विद्यार्थ्याने सांगायचे असते. चांगला विद्यार्थी इथे भारताच्या 2013च्या कंपनी कायद्याकडे वळू शकतो. त्या कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे सक्तीचे केले, त्यामुळे आधीपासून महिला संचालक असलेल्या आणि कायद्यामुळे नेमाव्या लागलेल्या कंपन्यांची तुलना करण्याची वाट खुली झाली. अशी वाट सुचणे, आणि तिच्यातील खाचखळगेही त्याच उत्तरात दाखवता येणे, यालाच इथे पात्रता म्हणतात. याउलट नेटचे दोन्ही पेपर मिळून 150 बहुपर्यायी प्रश्न असतात. पूर्वीच्या तिसऱ्या पेपरचे वर्णनात्मक स्वरूप 2012 पासूनच गेले. लाखो उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर दुसरा उपाय नाही, हे मला मान्य आहे, पण तिच्या गुणांवरून पुढचा संशोधक ओळखता येईल अशी अपेक्षा तिच्याकडून करणे तिच्यावरच अन्याय करणारे आहे.

व्यवसाय प्रशासन या विषयात मधल्या परीक्षेची गरज इतर विषयांपेक्षा जास्त आहे, असे मला वाटते. हा विषय अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्याकडून उसनवारी करून उभा राहिलेला आहे, आणि त्यात येणारे विद्यार्थी अभियंते, सनदी लेखापाल, बँकेतील अधिकारी असे कुठूनही येतात. त्यांना एका पातळीवर आणणारी दोन वर्षे नसतील तर प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या पद्धतीलाच संशोधन समजू लागतो. आपल्याकडील वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील अनेक प्रबंधांचा साचा, म्हणजे एक जिल्हा, एक उद्योग, काहीशे उत्तरदात्यांची पाच पर्यायांची प्रश्नावली आणि शेवटी काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय चाचणी, हा विद्यार्थ्यांच्या आळसातून आलेला नाही. प्रवेशाच्या मुलाखतीतच संशोधनाचा आराखडा मागितला, तर ज्याला अजून काही शिकवलेलेच नाही तो आधीच्या प्रबंधात पाहिलेला आराखडाच पुढे करणार.

दुसरा फरक सत्तेचा आहे. इथे क्वालिफायरचा निर्णय विभागाची समिती घेते, आणि तोपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांना कायमचा मार्गदर्शक मिळालेलाही नसतो. आपल्याकडे गाईड आधी मिळतो, किंबहुना गाईडकडे जागा आहे का यावरच प्रवेश अवलंबून असतो. यूजीसीच्या 2022च्या पीएचडी नियमांनुसार विद्यार्थ्याने किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क करायचे असते आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. प्रगती असमाधानकारक राहिली आणि सुधारणाही झाली नाही, तर ही समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. म्हणजे मधला टप्पा कागदावर आपल्याकडेही आहे. मात्र त्या समितीचा निमंत्रक स्वतः गाईडच असतो. आपल्याच विद्यार्थ्याची नोंदणी रद्द करा, असे लिहून देणारा गाईड दुर्मीळ असणार, आणि जिथे असा शेरा खरोखर लिहिला जाईल तिथे तो गुणवत्तेपोटी लिहिला की नाराजीपोटी, ही शंका विद्यार्थ्याच्या मनात राहणारच.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग अमेरिकेचा क्वालिफायर उचलून आपल्याकडे आणावा. मी तसे म्हणणार नाही, कारण ही परीक्षा क्रूर आहे, आणि ती इथे सहन होते ती तिच्या भोवती असलेल्या व्यवस्थेमुळे. बिझनेस स्कूलच्या पूर्णवेळ पीएचडी विद्यार्थ्याला साधारणपणे शुल्कमाफी आणि विद्यावेतन पहिल्या दिवसापासून मिळते. विभागाने त्याच्यावर खर्च केलेला असतो, त्यामुळे त्याचे अपयश विभागालाही महाग पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर कँडिडसी मिळालेल्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला राज्याचा रहिवासी नसल्यामुळे लागणारे, वर्षाला सुमारे 15 हजार डॉलरचे जादा शुल्क तीन वर्षांपर्यंत माफ होते. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याने वेळेत उत्तीर्ण व्हावे यात विद्यापीठाच्या हिशेबनिसालाही रस असतो. शिवाय नापास झालेल्याला बहुतेक ठिकाणी मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यासाठी हा फरक किती मोठा आहे, हे त्यातून गेलेल्यालाच कळते. पदवी न घेता विद्यापीठाच्या संमतीने शिक्षण सोडले तर देश सोडायला 15 दिवस मिळतात. पदवी पूर्ण करून बाहेर पडल्यास 60 दिवस मिळतात आणि विषयाशी संबंधित नोकरीसाठी तात्पुरत्या परवानगीचा अर्जही करता येतो.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची वानवा आहे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळालेल्याला जानेवारी 2023 पासून महिना 37 हजार रुपये मिळतात, पण ती मिळवणारे थोडेच, आणि बाकीचे पूर्णवेळ विद्यार्थी घरच्यांच्या पैशावर किंवा तासिका तत्त्वावर शिकवून दिवस काढतात. अशा मुलाला दोन वर्षांनी परीक्षेत नापास करून रिकाम्या हाताने घरी पाठवणे हे गुणवत्तेच्या नावाखाली केलेले नुकसान ठरेल. मधल्या टप्प्यावर सन्मानाने बाहेर पडण्याची जी एक वाट आपल्याकडे होऊ शकली असती ती म्हणजे एम.फिल. ही पीएचडीच्या आधीची संशोधन पदवी, आणि तीच 2022च्या नियमांनी बंद झाली. एम.फिल.चा दर्जा घसरला होता, हे आक्षेप खरे असतील. पण पीएचडीच्या वाटेवरील थांबा म्हणून तिची पुनर्रचना करण्याचा विचार फारसा झाला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

भारतात हे अशक्य आहे, असेही नाही. आयआयएमच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांत कोर्सवर्कनंतरची सर्वंकष परीक्षा असते, आणि त्यांना पदव्या देण्याचा अधिकार 2017च्या कायद्याने मिळण्याच्या कितीतरी आधीपासून फेलो प्रोग्रॅमच्या (पीएचडीच्या तोडीच्या, पण पदवी न देणाऱ्या अभ्यासक्रमाच्या) काळापासून ती चालत आली आहे. तिथे ती चालते, कारण तिथेही विद्यावेतन आहे, विद्यार्थी मोजके आहेत आणि निर्णय एकट्या गाईडच्या हाती नाही. राज्य विद्यापीठांत नोकरी सांभाळून, पदोन्नतीसाठी पीएचडी करणाऱ्या प्राध्यापकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी दोन वर्षांचे सलग कोर्सवर्क हा विचारच अव्यवहार्य आहे. त्यांना आयआयएमच्या मापाने मोजणे मला पटत नाही.

तरीही एक गोष्ट नव्या नियमांची वाट न पाहता करता येईल. सहामाही सादरीकरणे होतच असतात. त्यांपैकी चौथे सादरीकरण प्रत्येक विद्यापीठाने वेगळे ठेवावे: त्या दिवशी गाईडने ऐकण्याचे काम करावे, प्रश्न दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या दोन परीक्षकांनी विचारावेत, आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रबंधाविषयी बोलायला सांगण्याआधी आदल्या दिवशी त्याच्या हाती एक अनोळखी शोधनिबंध द्यावा. त्यावर तो काय बोलतो, हे टिपणाच्या रूपात त्याच्या नोंदणीच्या फाइलमध्ये राहावे. पहिली काही वर्षे या टिपणावरून कोणाचीही नोंदणी रद्द करू नये. विद्यार्थ्यांपेक्षा गाईडनाच त्यातून अधिक कळेल, आणि विरोधही बहुधा त्यांच्याकडूनच होईल.