शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स

चीनमध्ये बारावी झालेल्या कुणालाही विचारा, "शर्ट केवढ्याला?" उत्तर ठरलेलं आहे: ९ पौंड १५ पेन्स. गाओकाओ, म्हणजे इथली बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा, तिच्या इंग्रजीच्या पेपरात ऐकण्याच्या भागाआधी नमुन्यादाखल एक प्रश्न छापलेला असतो. शर्टाची किंमत किती? पर्याय १९.१५, ९.१८ आणि ९.१५ पौंड. खाली लगेच लिहिलेलं असतं, उत्तर तिसरं. घटक चाचणी असो, सराव परीक्षा असो, तोच शर्ट, तीच किंमत. सगळ्या जगात महागाई वाढली, हा शर्ट काही महागला नाही, असे विनोद इथली पोरं करतात. ज्यांनी जन्मात पेन्सचं नाणं पाहिलं नाही अशा कोट्यवधी माणसांना तो आकडा आपल्या पसायदानासारखा पाठ आहे.

मला हा शर्ट समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीमुळे कळला. आम्ही जिआंगसू प्रांतातल्या सुझौमध्ये राहतो, आता सहा वर्षं होतील. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, मी घरबसल्या भाषांतराची कामं करते. ती मुलगी मला 'आयी' म्हणते. चिनीत आयी म्हणजे मावशी, काकू, आईच्या वयाची कुठलीही बाई. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा पोटात कालवलं होतं. आता भाजीवालाही आयी म्हणतो, त्याचं काही वाटत नाही. गेल्या वर्षी ती शेवटच्या वर्षाला होती. तिच्या आईनं विचारलं, हिच्याशी आठवड्यातून एकदा इंग्रजी बोलाल का? मी हो म्हटलं. पण मुलगी आली ती बोलायला नव्हे. ती हेडफोन आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली.

जिआंगसूत २०२१ पासून जो पेपर असतो, त्यात इंग्रजीला १५० गुण, चिनी आणि गणिताला तेवढेच, एकूण ७५०. त्या १५० पैकी ऐकण्याला ३०. प्रश्न २०, प्रत्येकाला दीड गुण. आधी पाच छोटे संवाद, प्रत्येक एकदाच वाजतो आणि उत्तरासाठी दहा सेकंद मिळतात. मग पाच मोठे संवाद किंवा भाषणं, ती दोनदा. त्यांच्या आधी दर प्रश्नामागे पाच सेकंद, प्रश्न वाचून घ्यायला. त्या पाच सेकंदांत ही पोरगी काय करायची ते मी शेजारी बसून पाहिलंय. पेन्सिल तीन पर्यायांवरून सर्रकन फिरायची, जे शब्द वेगळे तेवढ्यांखाली रेघ, बाकीचे तिच्या लेखी मेलेच. "आयी, पहिला ऐकू आलेला आकडा उत्तर नसतो. आणि कुणी 'बट' म्हणालं की खरं उत्तर त्याच्यानंतर." वीसपैकी एकोणीस. दर वेळी.

एका रविवारी मला खोडी सुचली. ध्वनिफीत बंद केली आणि तशाच एका पेपरातले संवाद मीच मोठ्यानं वाचले, माझ्या तासगावच्या इंग्रजीत. वीसपैकी बारा. बिचारीनं मान खाली घालून सांगितलं, "आयी, तुमचं इंग्रजी जरा गोल आहे." मला हसू आलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. परीक्षेतले आवाज म्हणजे घासूनपुसून चकचकीत केलेले ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. त्या मुलीच्या वडिलांच्या कंपनीचे ग्राहक मात्र व्हिएतनाममध्ये, जर्मनीत आणि आमच्या चाकणमध्ये. उद्या ती नोकरीला लागली तर फोनवर जे इंग्रजी येईल ते गोलच असेल.

वाचनाचं मात्र मी मान्य करून टाकलं. पेपरात चार उतारे असतात. पहिला सोपा, कुठल्यातरी संग्रहालयाची माहिती नाहीतर शिबिराची जाहिरात. चौथ्यापर्यंत गाडी एखाद्या शास्त्रीय संशोधनापर्यंत पोचते. त्यानंतर एक प्रकार आहे तो मला फार आवडला. उताऱ्यातली पाच वाक्यं काढून टाकतात आणि खाली सात देतात. कुठलं वाक्य कुठे बसतं ते ओळखायचं, दोन उरतात. इथे घोकंपट्टी कामाची नाही; आधीच्या वाक्यातला 'तो' कोण आणि पुढच्या वाक्यातलं 'म्हणून' कशामुळे, हे कळावंच लागतं. मी मराठीत एमए केलंय, पण असा प्रश्न मला मराठीच्या पेपरातसुद्धा कुणी कधी घातला नव्हता. शेवटी पंचवीस गुणांचं एक लेखन: अर्धवट गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात, गोष्ट पुरी करायची. तीही छापल्यासारख्या अक्षरात, कारण उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासली जाते. हबेईतल्या हंगश्वे नावाच्या शाळेवरून त्या अक्षराला नावच पडलंय आणि त्याची कित्त्याची वही मिळते. आमच्या शाळेतल्या बाई बघत्या तर डोळे भरून आले असते.

बोलणं त्या पेपरात नाही. बीजिंगमध्ये ऐकणं आणि बोलणं मिळून ५० गुणांची वेगळी परीक्षा संगणकावर घेतात, ग्वांगडोंगमध्येही संगणकावर बोलावं लागतं. सुझौच्या मुलीला ते नव्हतं, म्हणून ती बोलत नव्हती. तीन वर्षांत तिनं एवढं वाचलं की माझी छाती दडपावी, आणि तरी लिफ्टमध्ये एखादा परदेशी माणूस भेटला की ती चपलांकडे बघत उभी राहायची. परीक्षेत जे आहे ते पिकतं, जे नाही ते पडीक राहतं.

आता तासगावकडे येते. इथे व्हॉट्सॲपवर बंदी आहे; ती ओलांडणाऱ्या व्हीपीएनची कृपा असेल त्या दिवशी आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतो आणि एकदम शंभर निरोप कोसळतात. २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत त्यात दुसरा विषय नव्हता: पहिलीपासून हिंदी. १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग दुरुस्ती, मग २९ जूनला माघार. मीही विरोधातच होते, सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादायला माझा आजही विरोध आहे. त्याच गदारोळात आमच्या एका काकांनी एक निरोप पुढे ढकलला: 'चीनने इंग्रजी हद्दपार केली! आपण कधी शहाणे होणार?' खाली पन्नास अंगठे.

काकांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. इथे तसा वाद आहे. बीजिंगनं २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण दीडशेवरून शंभरावर आणायचा प्रस्ताव मांडला होता. २०२१ मध्ये शांघायनं प्राथमिक शाळांत इंग्रजीची सत्रअखेरची परीक्षा बंद केली. २०२३ मध्ये शिआन जिआओतोंग विद्यापीठानं पदवीसाठी इंग्रजीच्या राष्ट्रीय चाचणीची अट काढली. पण काका, त्या पोरीच्या पेपरात दीडशेचे दीडशे तिथेच होते. हद्दपार वगैरे काही झालेलं नाही.

काकांच्या निरोपात एक गोष्ट मात्र यायला हवी होती. ही मुलगी भौतिकशास्त्र चिनीत शिकली, गणित चिनीत, इतिहास चिनीत. इंग्रजी हा तिचा विषय होता, रोजचा एखादा तास. मी तिला सांगितलं की आमच्याकडे इंग्रजी यावं म्हणून मुलांचं सगळं शिक्षणच इंग्रजीत करतात. तिनं थोडा विचार केला.

"मग भौतिकशास्त्राचे शिक्षक इंग्रजी फार छान बोलत असतील."

मी म्हटलं, चहा घेतेस का.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. पंचवीस वर्षं झाली, म्हणजे त्यातली पहिली पोरं आता आईबाप झाली. या पंचवीस वर्षांत आपण कुठल्या इयत्तेपासून, किती भाषा, कुठलं माध्यम, सेमी की फुल, यावर गावोगाव भांडलो. आठवीतल्या पोराला दोन मिनिटांचं साधं इंग्रजी ऐकून काय कळतं, हे मात्र शासनानं सगळ्यांना एकच ध्वनिफीत लावून कधी बघितलंय, असं माझ्या ऐकिवात नाही. ग्रामीण भागात मुलांच्या दारात जाऊन मोजतात ते 'असर' नावाची शिक्षणाची पाहणी करणारे. त्यांच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या मुलांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. हा आकडा देशातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे, एकट्या महाराष्ट्राचा नाही, पण निदान मोजलेला तरी आहे.

आमच्या बोर्डात ऐकण्याबोलण्याचे गुण नाहीत असं नाही. ८० लेखी आणि २० तोंडी. माझी धाकटी बहीण सांगली जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बारावीच्या त्या वीस गुणांत ऐकण्याची चाचणी असते. उतारा शिक्षकच वाचतात, तपासतात शिक्षकच, आणि अठराच्या खाली कुणाला द्यायचे नाहीत हे न लिहिलेलं परिपत्रक. "एखाद्याला अकरा दिले तर वर्षभर मला अकरा जण विचारतील," ती म्हणते. तिला मी दोष देत नाही. या वीस गुणांचं वजन एकदाच सगळ्यांना दिसलं होतं. २०१९ च्या दहावीला भाषांचे तोंडी गुण काढून टाकले होते. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढी ओरड झाली. पुढच्या वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. त्या एका वर्षी पोरं अचानक मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असं मानायचं असेल तर माना.

चीनची ती परीक्षा जशीच्या तशी उचलून आणा असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी नावं नोंदवली होती; त्यातल्या एकीचे डोळे मी वर्षभर लाल बघितलेत. दीड गुणासाठी हजारो मुलं पुढे निघून जातात, म्हणून अर्ध्या गुणावर आईबाप पेटतात. झेजियांगमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या इंग्रजी परीक्षेत पेपर अवघड गेला म्हणून काही प्रश्नांचे गुण मागाहून वाढवले. पालकांनी ओरड केली, प्रांत सरकारला निर्णय चुकला असं जाहीर करून मूळ गुण परत द्यावे लागले. मला हवी आहे त्यातली फक्त ध्वनिफीत. सगळ्या राज्याला एकच, एकाच वेळी, दहा गुणांची असली तरी चालेल, आणि त्यात एक आवाज चंद्रपूरच्या बाईचा, एक चेन्नईच्या दुकानदाराचा ठेवा. निकाल पडेल. पडू दे की. ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडून कुणी बरं होत नाही.

८ जूनला दुपारी आमच्या त्या शेजारच्या मुलीचा इंग्रजीचा पेपर होता. पेपर तीनला, पण पावणेतीनला केंद्राचं दार बंद होतं. इंग्रजीला उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, कारण सुरुवातच ऐकण्यानं. मी तिच्या आईबरोबर फाटकाबाहेर उभी होते. कितीतरी आया लाल छिपाओ, म्हणजे चिनी झगा, घालून आलेल्या, कारण 'छि' म्हणजे झेंडाही, आणि झेंडा फडकला की विजय. तीन वाजले आणि रस्ता गप्प झाला. हॉर्न नाही, समोरच्या इमारतीचं ड्रिल नाही. पोलिसानं एका स्कूटरवाल्याला हातानंच खुणावलं आणि तो गाडी बंद करून ढकलत गेला. लाल कपड्यांतल्या दोनशे बायका वीस मिनिटं काही ऐकू येत नसताना कान देऊन उभ्या. मुलीला तीसपैकी साडेअठ्ठावीस पडले असणार, असं ती नंतर म्हणाली. कुठला एक चुकला तेही तिला ठाऊक होतं.

डिसेंबरात बहिणीला म्हटलं, गंमत म्हणून एकदा कर. मी आणि नवऱ्यानं पाच संवाद वाचून मोबाईलवर रेकॉर्ड केले, आमच्याच गोल इंग्रजीत. तिनं बारावीच्या वर्गात ब्लूटूथचा स्पीकर ठेवला. सांगून ठेवलं, एकदाच लागेल. संध्याकाळी तिचा निरोप आला. पहिला संवाद बरा गेला, पोरं चक्क गप्प बसली होती. दुसरा सुरू झाला आणि कॉलेजमागच्या रस्त्यानं कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, स्पीकरवर पूर्ण आवाजात गाणं. वर्गातली निम्मी पोरं गाणं म्हणायला लागली. तो गेला तर मागून आणखी एक.

"शेवटी पाच वेळा लावला," तिनं लिहिलं होतं. "पण शर्टाची किंमत सगळ्यांची बरोबर आली."