पोत्यावरचं पिल्लू सोडा, मागचा बारीक मजकूर वाचा

नागपुरातल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मानेवाडा असो की जरीपटका, ज्याच्या घरी कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू आलं, त्याला तो कोणी ना कोणी पाठवतंच. मजकूर थोडक्यात असा: पपी फूड आणि किटन फूड ही कंपन्यांची लूट आहे, दोन्ही पोत्यांत माल एकच असतो, फक्त चित्र बदलतं. गल्लीतली पिल्लं काय पाकिटातलं खाऊन मोठी होतात? एवढं प्रोटीन पिल्लाला गरम पडतं, किडन्या जातात. त्यापेक्षा दूध-पोळी द्या, वरून कॅल्शियमचं सिरप. आणि मांजराचं पिल्लू असेल तर कुत्र्याचेच दाणे भिजवून द्या, भागतं.

लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पेट शॉपमध्ये उभं राहिलं की ‘लॅब्राडोर पपी’, ‘पर्शियन किटन’ अशी पाकिटं ओळीनं लावलेली दिसतात आणि जातीच्या नावावर भाव चढलेला असतो. पिल्लाला त्याच्या जातीचं नाव छापलेलं पाकीट लागत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण तिथून उडी मारून थेट ‘मग काहीही द्या’वर यायचं, हे काही बरोबर नाही.

‘दोन्ही पोत्यांत माल एकच असतो.’

अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची ‘आफको’ नावाची संघटना आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर तिचंच नाव दिसतं. ती कुठल्याही पाकिटाला मंजुरी देत नाही, फक्त मापदंड ठरवते. त्या मापदंडात कुत्र्यांसाठी दोनच रकाने आहेत: एक वाढीच्या वयातल्या पिल्लांचा आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीचा, दुसरा मोठ्या कुत्र्याचा. पाणी वजा करून मोजलं तर वाढीच्या रकान्यात प्रोटीन किमान २२.५ टक्के लागतं, मोठ्याला १८. चरबी ८.५ टक्के, मोठ्याला ५.५. कॅल्शियम १.२ टक्के, मोठ्याला ०.५. फॉस्फरस १ टक्का, मोठ्याला ०.४. म्हणजे हाडांच्या मालमसाल्यात फरक दुपटीहून जास्त आहे. त्यात कोवळ्या पिल्लाला वजनाच्या मानानं मोठ्या कुत्र्याच्या साधारण दुप्पट ऊर्जा लागते आणि पोट तर मुठीएवढं. तेवढ्याशा जागेत सगळं बसवायचं असतं.

आता मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, जी त्यात लिहिलेलीच नाही. मोठ्या कुत्र्यांचे बरेच दाणे किमान मापाच्या वरचे बनवलेले असतात, त्यामुळे काही ‘ॲडल्ट’ पोती पिल्लालाही पुरून जात असतील. अडचण एवढीच, की पुढच्या बाजूला प्रोटीन आणि चरबीचे आकडे मिळतात, कॅल्शियमचा आकडा कित्येकदा नसतोच. पुरतं की नाही, हे तुम्हाला दुकानात उभं राहून कळायला मार्ग नाही. म्हणून पोतं उलटं करायचं. मागे बारीक अक्षरांत एक वाक्य शोधायचं, की हे खाणं कोणत्या अवस्थेसाठी परिपूर्ण आहे. तिथे ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलं असेल तर पुढे पिल्लाचं चित्र असो की म्हाताऱ्या कुत्र्याचं, चालतं. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहायला वाढीचाच कडक रकाना पाळावा लागतो. फक्त ‘मेंटेनन्स’ असेल तर ते मोठ्यांसाठी. आणि ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असेल तर ते जेवण नाहीच, खाऊ आहे.

ग्रेव्हीच्या पाऊचवर ‘प्रोटीन ८ टक्के’ वाचून पुष्कळ जण ते परत ठेवतात. त्या पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असतं. पाणी काढून उरलेल्या २० भागांत ८ प्रोटीन, म्हणजे ४० टक्के झालं. दाण्यांशी तुलना करायची तर अशी करा.

‘गल्लीतली पिल्लं कुठे पपी फूड खातात?’

खात नाहीत. आणि त्यांतली बहुतेक जगतही नाहीत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर जन्मापासून लक्ष ठेवलं होतं. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वयात येईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के जगली. सगळी काही खाण्यापायी गेली नाहीत, ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. पण मुद्दा असा, की चौकात जो धडधाकट मोत्या तुम्हाला दिसतो, तो उरलेल्यांतला आहे. त्याच्यावरून आहार ठरवायचा तर त्याची गेलेली भावंडंही मोजा नं.

‘प्रोटीन गरम पडतं, किडन्या जातात.’

निरोगी पिल्लाची किडनी प्रोटीननं बिघडत नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर डॉक्टर वेगळं खाणं सांगतात, त्यातून ही समजूत सगळ्यांना लागू झाली. जास्त प्रोटीननं हाडं वाकतात म्हणावं, तर नेदरलँड्समध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांना साधारण १५ ते ३२ टक्क्यांपर्यंत वेगवेगळं प्रोटीन देऊन तपासून झालं आहे, हाडांवर त्याचा वाईट परिणाम दिसला नाही.

‘गरम पडतं’चं काय? मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आपल्याकडे सगळंच गरम पडतं. उन्हाळ्यात पिल्लू कमी खातं हे खरं, पण मग जेवढं पोटात जातं ते जास्त कसदार हवं. नुसत्या दहीभातावर वाढीचे दोन-तीन महिने काढणं म्हणजे नेमकं उलटं झालं. पहाटे आणि रात्री थंड वेळी खायला घाला, दुपारी पाणी आणि सावली. (नागपुरात हस्की पाळणाऱ्यांविषयी बोलायचं खूप आहे, ते राहू द्या.)

‘दूध-पोळी द्या, वरून कॅल्शियमचं सिरप.’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते सगळ्यात घरगुती वाटतं.

कुत्रीच्या दुधात प्रोटीन आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि लॅक्टोज कमी. गाईचं दूध त्यामानानं पातळ आणि गोड. त्यात आपण ‘पचत नाही’ म्हणून आणखी पाणी घालतो. पिल्लू पोटभर पितं, पोट टम्म दिसतं, शी पातळ होते आणि बरगड्या मोजता येतात. आईवेगळ्या, डोळे न उघडलेल्या पिल्लाला तर गाईच्या दुधाऐवजी पिल्लांसाठीची दूध पावडरच लागते. तिथे लेबल पाहणं ही चैन नाही. पोळीचं म्हणाल तर गव्हात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्याच्या मानानं फारच थोडं.

दूध-पोळी नको म्हटलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात: रोज उकडलेलं बोनलेस चिकन. प्रोटीन झकास, पण १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. पिल्लाला ही जोडी निदान बरोबरीची लागते, खरं तर कॅल्शियम थोडं जास्तच. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर मग हाडांतून ते ओढून घेतं. हाडं कागदासारखी होतात, पिल्लू सोफ्यावरून उडी मारतं आणि पाय मोडतो. मालक म्हणतो, ‘रोज चिकन खातो, अशक्त कसा असेल?’

आणि सिरप. जे पिल्लू आधीच वाढीचं परिपूर्ण खाणं खातंय, त्याला वरून सिरप देणं हे बळ देणं नाही. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं येईल तेवढं बरंचसं आत जातं. हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांना हा धोका सगळ्यात जास्त, म्हणून मोठेपणी ३२ किलो आणि त्याहून वर जाणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी आफकोनं कॅल्शियमची कमाल मर्यादा २.५ वरून १.८ टक्क्यांवर आणली आहे. रॉटवायलर, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, थोराड लॅब्राडोर यात येतात. अशा पिल्लासाठी लेबलवर मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या वाढीचा उल्लेख आहे का, ते जरूर पाहा. आपल्या गावठी पिल्लाला ही चिंता नाही, त्याला वाढीचं कुठलंही चांगलं खाणं पुरतं. पाय वाकलेलेच दिसले तर सिरपची बाटली बदलत बसू नका. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा जवळच्या डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे काढा.

घरचं खाणं वाईट, असं मी म्हणत नाही. पशुआहाराच्या जाणकारानं वजनानुसार कृती लिहून दिली आणि ती ग्रॅम मोजून पाळली तर पिल्लू छान वाढतं. ‘अंदाजे’ तेवढं चालत नाही.

‘मांजराच्या पिल्लाला कुत्र्याचे दाणे भागतात.’

भागत नाहीत. टॉरिन नावाचं एक द्रव्य कुत्र्याचं शरीर बहुतेक वेळा स्वतः बनवतं, मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं, आणि कुत्र्याच्या दाण्यांत ते घालायची सक्ती नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली दाखवलं गेलं. हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ साली. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो हृदयरोग झपाट्यानं कमी झाला. शिवाय मांजराला गाजरातून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते तयारच मिळावं लागतं. प्रोटीनही वाढीच्या वयात किमान ३० टक्के हवं. मोठ्या कुत्र्याच्या दाण्यांची किमान पातळी १८ आहे, ते आठवा.

हे नुकसान दिसायला महिने लागतात. म्हणून ‘आमची माऊ तर मस्त आहे’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात, फक्त फार लवकर बोलत असतात. आणखी एक: चिकन उकळून पाणी मोरीत ओतून दिलं की टॉरिनचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. ते पाणी खाण्यातच घाला, अर्थात मीठ-मसाला नसेल तर.

आणि पैसे?

इथे मेसेजवाल्याशी माझं फारसं भांडण नाही. स्वस्तातलं, पण ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं साधं पोतं घ्या, जातीच्या नावाचं राहू द्या. पिल्लू असेपर्यंतच ते लागतं: मांजर आणि लहान जातीचं कुत्रं वर्षभर, मोठ्या जातीचं दीड ते दोन वर्षं. घरात लहान-मोठी दोन्ही कुत्री असतील तर ‘ऑल लाइफ स्टेजेस’चं एकच पोतं दोघांना चालतं. मोठ्याचं वजन वाढू नये म्हणून त्याचं माप तेवढं कमी ठेवा.

पैसे वाचवायला सुटे दाणे किलोवर घेणारे खूप आहेत. उघड्या पोत्यातले दाणे आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होतात, आणि थैलीवर ना ते वाक्य असतं ना तारीख. घ्यायचेच असतील तर दुकानदाराला मूळ पोतं दाखवायला सांगा, मागची बाजू वाचा, तारखेचा फोटो काढा. ‘भाऊ, सगळे हेच नेतात’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं दुकान पाहा.