मेरीसव्हिलचं देऊळ कोण सांभाळतं

महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली, १७ जूनला त्या निर्णयातले शब्द बदलले आणि लोकांचा रेटा पाहून २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गटांवरही दुसरा विषय नव्हता. कोण खरा मराठी, कोण पळून आलेला, दुकानदाराला मराठी बोलायला लावणं बरोबर की चूक, सगळं झालं. शासनाने माघार घेतली ते योग्यच झालं असं माझं मत आहे. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादू नयेत. पण या सगळ्या चर्चेत मला एक प्रश्न कुठेच ऐकू आला नाही: मराठी टिकवायची म्हणजे उद्या सकाळी उठून नक्की कोणी काय करायचं?

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या घरापासून तासाभरावर आहे, आणि ते मराठी माणसांनी दिलेलं नाही. युबा आणि फेदर या दोन नद्यांच्या संगमावर, चारही बाजूंनी बांध घातलेलं मेरीसव्हिल नावाचं छोटं शहर आहे. लोकसंख्या जेमतेम बारा-तेरा हजार. १८५० च्या दशकात, सोन्याच्या शोधात माणसं लोटली तेव्हा, हे कॅलिफोर्नियातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. खाणींकडे जाणारी माणसं आणि माल बोटींनी इथे उतरत. चिनी माणसंही त्यांतच आली, बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली. त्यांच्या बोलीत सॅन फ्रान्सिस्को हे 'मोठं शहर', सॅक्रामेंटो 'दुसरं शहर' आणि मेरीसव्हिल 'तिसरं शहर'. इतका या गावाचा मान होता.

युबा नदीच्या बांधाला लागून त्यांनी देऊळ बांधलं. आज उभी असलेली विटांची इमारत १८८० ची, त्याआधीचं देऊळ १८५० च्या दशकातलं. आतला मुख्य देव बॉक आय, म्हणजे उत्तर दिशेचा, पाण्यावर सत्ता चालवणारा देव. शेजारी इतर देवता. दर्शनी भिंतीवर छपराखाली रंगवलेली चित्रं आहेत. चिनी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी देवाचा उत्सव, गावात त्याला 'बॉम्ब डे' म्हणतात. देवापुढे भाजलेलं अख्खं डुक्कर ठेवतात, लोक काड्या काढून वर्षाचं भविष्य विचारतात, आणि हाताने बनवलेले बॉम्ब उडवतात. प्रत्येक बॉम्बमधून एक कडं आकाशात उडतं आणि खाली जमलेली तरुण पोरं ते झेलायला एकमेकांवर तुटून पडतात. कडं ज्याच्या हाती लागेल त्याला वर्ष चांगलं जातं. आपल्याकडची दहीहंडी पाहिलेल्या माणसाला ही चढाओढ समजावून सांगावी लागत नाही.

या उत्सवाची मिरवणूक कॅलिफोर्नियातल्या सर्वांत जुन्या मिरवणुकींपैकी एक आहे. मी ती पाहिली तेव्हा सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते लांबलचक ड्रॅगन वाहून नेणाऱ्यांकडे. जवळच बील हा अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे, आणि ड्रॅगनच्या खाली तिथले जवान असतात: गोरे, काळे, मेक्सिकन आडनावांचे. चिनी वंशाची कुटुंबं आता मेरीसव्हिलमध्ये फार थोडी उरली आहेत. पुढच्या पिढ्या शिकून मोठ्या शहरांत गेल्या. स्वतःच्या बळावर ड्रॅगन उचलायचा म्हटला तर त्यांना माणसं पुरणार नाहीत. म्हणून त्यांनी तो गावाच्या खांद्यावर दिला. देवळाची व्यवस्था मात्र दिली नाही. ती 'मेरीसव्हिल चायनीज कम्युनिटी' या संस्थेकडेच आहे. देवळात कुठला विधी कसा व्हायचा हे तीच ठरवते. कुठलं काम सगळ्यांसाठी खुलं करायचं आणि कुठलं स्वतःच्या हातात ठेवायचं हे ज्यांना नीट कळलं त्यांना मी नेतृत्व म्हणतो. मोठं भाषण करता येणं ही त्यातली फार लहान गोष्ट आहे.

हे देऊळ कुठल्या काळातून आलं आहे ते लक्षात घेतलं तर या थोड्या माणसांचं काम किती मोठं आहे ते कळतं. देऊळ उभं राहिल्यावर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. तो १९४३ पर्यंत टिकला, आणि तोवर चिनी माणसाला नागरिकत्वही घेता येत नव्हतं. १८८५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या युरीकातून आणि नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमातून चिनी माणसांना एकगठ्ठा हाकलून दिलं गेलं. १८८७ मध्ये सॅन होजेची चिनी वस्ती जाळली गेली. सॅन होजे शहराने त्याची माफी मागायला २०२१ साल उजाडावं लागलं. कितीतरी छोट्या गावांतल्या चिनी वस्त्यांच्या जागी आज नुसती पाटी आहे, काही ठिकाणी तीही नाही. मेरीसव्हिलची वस्तीही आटली, पण देवाचा उत्सव चालू राहिला.

नशिबानेही साथ दिली म्हणा. १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी फेदर नदीचा बांध युबा सिटीच्या बाजूला, शांघाय बेंड नावाच्या वळणावर फुटला. युबा सिटी पाण्याखाली गेलं, तीसहून अधिक माणसं दगावली. समोरच्या काठावरच्या मेरीसव्हिलचे बांध मात्र टिकले. बॉक आयने गाव राखलं ही समजूत चिनी घरांपुरती राहिली नाही. ज्या देवाने आपलं गाव वाचवलं असं लोक मानतात तो देव मग परक्यांचा राहत नाही.

पण देवाने राखलेल्या देवळाला माणसांनीच राखावं लागतं. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा-संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा जागांच्या यादीत हे देऊळ घातलं. तिथून निधी, दुरुस्ती, चित्रांची जपणूक हे काम सुरू झालं. अशा कामाची बातमी होत नाही. अर्ज लिहायचे, इंजिनिअरला बोलवायचं, नगरपालिकेच्या बैठकीत आपला विषय येईपर्यंत बसून राहायचं. २००७ मध्ये ब्रायन टॉम यांनी याच गावात उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिनी-अमेरिकनांचं संग्रहालय सुरू केलं. बॉम्ब डेला सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने कुटुंबंच्या कुटुंबं येतात, ती या सगळ्यामुळे.

आता या चित्राची दुसरी बाजू. मेरीसव्हिलच्या जुन्या चिनी घरांतली भाषा बहुतेक गेली. तिसऱ्या-चौथ्या पिढीला सण माहीत आहे, देवाचं नाव माहीत आहे, पणजोबांची बोली येत नाही. देऊळ राहिलं, बोली राहिली नाही. मराठी माणसाने हे पाहून घाबरायला हवं असं मला मनापासून वाटतं. आमचा इथला गणपती दरवर्षी मोठा होतो आहे, ढोल-ताशा पथकं आहेत, उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी हजारो माणसांनिशी भरतं, २०२४ चं तर सॅन होजेतच झालं. आणि त्याच मांडवात आमची मुलं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात. वारसा ज्यांचा भाषेत आहे त्यांना ड्रॅगन शेजाऱ्याच्या खांद्यावर देऊन भागत नाही. म्हणून मेरीसव्हिलचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. तिथून घ्यायची ती चिकाटी.

मुंबईकर म्हणून आणखी एक गोष्ट मला टोचते. माझगावात नवाब टँकजवळ १९१९ मध्ये बांधलेलं एक चिनी देऊळ आहे, सी यूप कून. सी यूप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके, आणि कॅलिफोर्नियातल्या जुन्या चिनी कुटुंबांपैकी बहुतेकांचं मूळही तेच चार तालुके. एकाच मुलखातली माणसं, काही पूर्वेला समुद्र ओलांडून मेरीसव्हिलला गेली, काही पश्चिमेला आमच्या गोदीपाशी आली. १९६२ च्या युद्धानंतर भारत सरकारने सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, त्यांतली बहुतेक ईशान्येची आणि बंगालची. मुंबईतल्यांवरही पाळत आणि निर्बंध आले, कितीतरी जण देश सोडून गेले. भायखळ्यात वाढूनही मला हे देऊळ कोणी दाखवलं नाही. शाळेतही त्याचं नाव निघालं नाही. मुंबईत ते मोजक्या कुटुंबांच्या निष्ठेवर उभं आहे. मेरीसव्हिलच्या गावाने तिथल्या चिनी उत्सवाला आपलं म्हटलं. हे आम्हा मुंबईकरांना का जमलं नाही? जो समाज आपल्या भाषेचा मान मागतो त्याने आपल्या गल्लीतल्या सगळ्यात लहान समाजाचं देऊळ ओळखलंच पाहिजे. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या मित्रांना मी इथून हे लिहितो तेव्हा एक उत्तर हमखास येतं: तुम्ही गेलात, तुम्हाला काय अधिकार? आक्षेप रास्त आहे. इथल्या चिनी कुटुंबांनी कायद्याने नाकारलेलं असताना जे जपलं त्याच्या पासंगालाही आम्ही, नोकरीचा व्हिसा घेऊन विमानाने आलेली माणसं, पुरत नाही. शिवाय महाराष्ट्रातली मराठी अल्पसंख्य नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जाही मिळाला. २०२० पासून राज्यातल्या प्रत्येक शाळेत मराठी शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे. मेरीसव्हिलच्या देवळाला यांतलं काहीच मिळालं नव्हतं. इतकं सगळं हातात असूनही मुंबईतल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, आणि दुकानाच्या पाटीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात आहेत हा प्रश्न विचारला की चर्चा थांबते. दुकानातल्या कामगाराच्या कानाखाली मारून मराठी शाळेत एक मूलही वाढलेलं नाही. मी हे ठामपणे म्हणतो, मग मला कोणी परका म्हटलं तरी चालेल.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. गळकं छप्पर, रिकामी शिक्षकाची जागा, बंद पडलेलं वाचनालय, हे सगळं तिथे मांडता येतं. मराठीसाठी मोर्चात चालणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं या शाळांत आहेत त्यांनी त्या समितीत बसावं, आणि ज्यांची नाहीत त्यांनी शाळेला विचारावं की वाचनालयाच्या कामाला शनिवारी माणूस हवा आहे का. इथे मी आमच्या मंडळापुढे दोन गोष्टी मांडणार आहे. गणपतीच्या खर्चातला ठरावीक हिस्सा रविवारच्या मराठी शाळेला द्यावा आणि तिथे शिकवणाऱ्या ताई-दादांना मानधन मिळावं. आज त्या सगळ्या जणी आणि जण आपला रविवार फुकट देतात, आणि दर दोन वर्षांनी थकून निम्मे सोडून जातात.