किचनरची टीम कुणी उचलून नेऊ शकत नाही

आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. तालमींचा, म्हणजे पेठापेठांतल्या तालमींच्या टीमचा फुटबॉल आता पुरे झाला, एखाद्या मोठ्या कंपनीनं यावं, कोल्हापूरच्या नावानं फ्रँचायझी काढावी, चांगला कोच आणावा, टीव्हीवर मॅच दाखवाव्यात, असं निम्म्यांचं म्हणणं. उरलेले म्हणतात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं गेली तर शाहू स्टेडियममध्ये यायचं तरी कशाला. दोन्हीकडून मेसेजचा पाऊस, आणि मधेच कुणीतरी मला टॅग करतं की तू कॅनडात आहेस, तिकडं काय सिस्टीम आहे सांग. म्हणून जरा मोठं लिहितोय, कारण हा विषय माझ्या मनाला लागलेला आहे आणि दोन ओळीत तो मावत नाही.

मी राहतो ते गाव किचनर, ओंटारियो प्रांतात, टोरांटोपासून शंभरेक किलोमीटर. १९१६ पर्यंत ह्याचं नाव बर्लिन होतं, जर्मन लोकांची वस्ती, पहिल्या महायुद्धात ते नाव नको झालं म्हणून लॉर्ड किचनरचं नाव दिलं, तोच किचनर जो त्याआधी हिंदुस्थानात सरसेनापती होता आणि ज्याच्याशी भांडून लॉर्ड कर्झननं राजीनामा दिला. तर ह्या गावात १९६३ पासून एक ज्युनियर आइस हॉकी टीम आहे, किचनर रेंजर्स. ज्युनियर म्हणजे १६ ते २० वर्षांची पोरं. पण शुक्रवारी रात्री मॅच असली की सात हजारांचं स्टेडियम भरतं. बाहेर उणे पंधरा असो नाहीतर उणे वीस, पार्किंगला जागा मिळत नाही.

टीम मुळात किचनरची नाही. शेजारच्या ग्वेल्फ गावात होती, ग्वेल्फ रॉयल्स नावानं, त्याच्या आधी तिथंच बिल्टमोर मॅड हॅटर्स नावानं, बिल्टमोर ही टोप्यांची कंपनी म्हणून ते नाव. १९६३ मध्ये यूजीन जॉर्ज आणि इथल्या काही व्यापाऱ्यांनी ती किचनरला आणली. त्या काळी एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगच्या टीम ज्युनियर टीमना पोसायच्या आणि त्याच्या बदल्यात तिथल्या पोरांवर त्यांचा हक्क असायचा. किचनरला न्यूयॉर्क रेंजर्स पोसायचे, म्हणून नाव रेंजर्स आणि जर्सीही तशीच निळी-लाल-पांढरी. १९६७ च्या सुमारास एनएचएलनं ही पद्धत बंद केली आणि टीमचं काय करायचं हा प्रश्न आला. यूजीन जॉर्जना सांगण्यात आलं, एक डॉलर द्या आणि टीम तुमची.

एक डॉलर! आणि माणसानं ती स्वतःच्या नावावर घेतली नाही. त्यांनी अशी व्यवस्था उभी करायला मदत केली की टीम गावाचीच राहील, ज्यांनी सीझन तिकीट घेतलंय ते सगळे सभासद, सभासद मत देऊन ३९ जणांचं बोर्ड निवडणार, त्यातून नऊ जणांची कार्यकारी समिती, आणि बोर्डावर येणारा प्रत्येक जण स्वतः तिकीटधारक पाहिजे. ह्यातल्या कुणालाही त्या कामाचा पगार नाही. नफा कुणाच्या खिशात जात नाही, टीममध्येच राहतो. हे आजही चालू आहे. माझ्याकडं सीझन तिकीट आहे म्हणून मलाही मत आहे, म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून ओरडणाऱ्या माणसाला इथं बर्फाच्या खेळात मताचा अधिकार मिळाला, आणि पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता ह्यातून टीम कमकुवत राहिली का, तर नाही. ज्युनियर हॉकीत सगळ्यात मोठा मान मेमोरियल कपचा, पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला. रेंजर्सनी तो १९८२ आणि २००३ असा दोनदा जिंकला. १९८२ च्या टीममध्ये ब्रायन बेलोज, स्कॉट स्टीव्हन्स आणि अल मॅकइनिस एकाच वेळी खेळत होते, त्यातले स्टीव्हन्स आणि मॅकइनिस पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्यांच्याही आधी लॅरी रॉबिन्सन इथंच होता. अलीकडचं नाव म्हणजे गॅब्रिएल लँडेस्कॉग, स्वीडनहून सोळाव्या वर्षी इथं आला, सतराव्या-अठराव्या वर्षी टीमचा कॅप्टन झाला, रेंजर्सचा पहिला युरोपियन कॅप्टन, आणि २०२२ मध्ये कोलोराडोच्या टीमचा कॅप्टन म्हणून त्यानं एनएचएलचा स्टॅनले कप उचलला तेव्हा इथं लोक आपल्याच घरातला पोरगा असल्यासारखं बोलत होते.

२००८ ची गोष्ट मात्र अजून जखमेसारखी सांगतात. मेमोरियल कप किचनरलाच होता, घरच्या बर्फावर फायनल, समोर अमेरिकेतली स्पोकेन चीफ्स, आणि रेंजर्स ४–१ नं हरले. वर स्पोकेनचा कॅप्टन कप पुढच्या खेळाडूच्या हातात द्यायला गेला आणि कप दोन तुकड्यात हातात आला, वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. नशिबानं ती प्रतिकृती होती.

पण मला सांगायचंय ते कपांबद्दल नाही. सांगायचंय ते हे की ह्या साठ वर्षांत आजूबाजूच्या किती गावांच्या टीम निघून गेल्या. ज्या ग्वेल्फकडून ही टीम आली, त्या ग्वेल्फला १९८२ मध्ये दुसरी टीम मिळाली, प्लेटर्स नावाची, खाजगी मालकीची. ती टीम १९८६ मध्ये मेमोरियल कप जिंकली, म्हणजे देशात पहिली आली, आणि १९८९ मध्ये मालकानं ती ओवेन साउंडला हलवली. देशात पहिली आलेली टीम तीन वर्षांत गावाबाहेर! बेलव्हिल नावाच्या गावात १९८१ पासून बुल्स होते, २०१५ मध्ये विकले गेले. गावाला सीझन संपता संपता कळलं की टीम गेली. किचनरमध्ये हे होऊ शकत नाही कारण विकायला कुणाकडं कागदच नाही.

पुण्यात राहणाऱ्या आपल्या मित्रांनी जरा आठवून बघा. २०११ मध्ये आयपीएलची पुणे वॉरियर्स आली, २०१३ मध्ये संपली, मालक आणि क्रिकेट बोर्डाच्या पैशाच्या भांडणात. मग २०१६ मध्ये दोन वर्षांसाठी दुसरी टीम आली, २०१७ च्या फायनलला मुंबईकडून एका धावेनं हरली, आणि तो तिचा शेवटचा दिवस. त्या रात्री पुण्यातले लोक खरे रडले होते, जर्सी विकत घेतल्या होत्या, गहुंजेपर्यंत ट्रॅफिक सोसलं होतं, पण त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारायचं बंधनच नव्हतं. कोल्हापूरला फ्रँचायझी पाहिजे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास समोर ठेवावा एवढंच माझं म्हणणं. कंपनी येईल तेव्हा ढोल-ताशे लागतील, पण कंपनीचा ताळेबंद बिघडला की त्या टीमवर आपला काय हक्क?

ह्यावर ग्रुपवर लगेच उत्तर आलं, "भावा, सहकाराचं आम्हाला सांगू नगंस, कारखान्यांचं काय झालं बघितलंय की." बरोबर आहे, आणि हे उत्तर टाळून चालणार नाही. सभासद आहेत, निवडणूक आहे, तरी वर्षानुवर्षं एकाच घराकडं खुर्ची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला वाटतं फरक दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे इथं सभासदत्व दर वर्षी पैसे भरून मिळवावं लागतं, ते वारसानं येत नाही आणि कायमचं पण नसतं, बोर्डानं माती केली तर पुढच्या वर्षी लोक तिकीटच घेणार नाहीत आणि क्लबचा श्वास तिकिटावरच चालतो. दुसरं, बोर्ड खेळाडू निवडत नाही. त्यासाठी जनरल मॅनेजर आणि कोच पगारी असतात, काम जमलं नाही तर जातात, पण कुणाचा भाचा आहे म्हणून पोरगा टीममध्ये येत नाही. आपल्याकडं तालमीत प्रेम आहे, वर्गणी आहे, पेठच्या पेठ मागं उभी राहते, ह्या बाबतीत आपण किचनरच्या पुढं आहोत असं मी इथं राहून छातीठोकपणे सांगतो. नाही ते एवढंच की सभासद कोण ह्याची यादी नाही आणि हिशोब भिंतीवर लागत नाही. सीझन आला की बाहेरचे, परदेशी खेळाडू पैसे देऊन आणले जातात, ते पैसे कुठनं आले हे पेठेतल्या साध्या माणसाला कळत नाही.

खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे सांगताना आपली मान ताठ होते आणि व्हायलाच पाहिजे, पण त्यानंतर एवढ्या वर्षांत घर गहाण न टाकता पोराला पाठवेल अशी गावाच्या मालकीची संस्था आपण का नाही उभी केली, हा प्रश्न मला इथं बसून सतावतो.

आता इथलं सगळं गोड आहे असं कुणी समजू नका. ज्युनियर हॉकीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी आळीपाळीनं खेळाडू निवडायच्या पद्धतीत उचलतात, त्यानं कुठल्या गावात राहायचं हे लीग ठरवते, आणि सीझनच्या मध्यात त्याची अदलाबदल पण होते, सकाळी शाळेत गेलेला पोरगा संध्याकाळी दुसऱ्या गावच्या बसमध्ये. ह्या पोरांना पगार नाही, आठवड्याचा थोडा भत्ता असतो. त्यावर कोर्टात मोठा दावा झाला, आणि २०१८ मध्ये ओंटारियो सरकारनं कायदा बदलून त्यांना किमान वेतनातून वगळलं. मला हे अजिबात पटत नाही, सात हजार लोक तिकीट काढून ज्याला बघतात तो कामगार नाही हे कुठल्या तोंडानं म्हणायचं.

आणि मार. ३० ऑक्टोबर २००९ ला इथंच, आमच्याच स्टेडियममध्ये, सोळा वर्षांच्या बेन फनेलीला समोरच्या टीमच्या वीस वर्षांच्या खेळाडूनं एवढ्या जोरात आदळलं की हेल्मेट उडालं आणि कवटी फुटली. पोरगा वाचला, दोन वर्षांनी परत बर्फावर उतरला, पुढं टीमचा कॅप्टन झाला आणि मेंदूच्या इजेबद्दल जनजागृतीचं काम करू लागला. ते पाहिलेले लोक आजही त्या रात्रीबद्दल आवाज खाली करून बोलतात.

ह्याहून वाईट गोष्ट सस्कॅचेवान प्रांतातल्या स्विफ्ट करंटची. छोटं गाव, टीम तिथंही गावाच्याच मालकीची. १९८६ च्या डिसेंबरात टीमची बस घसरून चार खेळाडू गेले, आणि तीच टीम १९८९ मध्ये मेमोरियल कप जिंकली, सगळ्या देशानं डोक्यावर घेतली. काही वर्षांनी शेल्डन केनेडी ह्या त्या टीमच्या खेळाडूनं पुढं येऊन सांगितलं की कोच ग्रॅहम जेम्स त्याच्यावर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार करत होता. १९९७ मध्ये जेम्सला शिक्षा झाली. म्हणजे टीम गावाची आहे एवढ्यानं पोरं सुरक्षित राहत नाहीत, उलट कप आणणाऱ्या कोचला कुणी प्रश्न विचारत नाही. हे आपल्या तालमींनी आणि अकादम्यांनी लक्षात ठेवायलाच पाहिजे.

तरी एक गोष्ट मला इथून उचलून कोल्हापूरला न्यावीशी वाटते ती शिक्षणाची. ह्या लीगमध्ये पोरगा जितके सीझन खेळेल तितकी वर्षं त्याच्या कॉलेजची फी टीमनं भरायची, असा करार असतो, अटी आहेत, मुदत आहे, पण कागदावर असतं. आमचे शेजारी बिलेट आहेत, बिलेट म्हणजे खेळाडूला घरच्यासारखं ठेवून घेणारं कुटुंब, त्यांच्याकडं एक पोरगा राहतो. सकाळी त्याला शाळेची बॅग घेऊन बर्फ तुडवत जाताना मी बघतो, अंगानं असा की बावन्न पोळ्या खात असावा, पण शेजारीण काकू त्याचा गृहपाठ झाला का विचारल्याशिवाय त्याला प्रॅक्टिसला सोडत नाहीत. हॉकीत पुढं जाणारे थोडेच, बाकीच्यांच्या हातात निदान फी भरलेली पदवी राहते.

आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, कोल्हापूरचा पोरगा, पण त्याला घडायला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. त्याच्याबरोबर पेठेत खेळलेली, तेवढीच चपळ पोरं बारावीनंतर कुठं गेली? गुडघा गेला की फुटबॉल संपला आणि शिक्षण आधीच संपलेलं.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना माझं सांगणं आहे की कंपनी यावी का नको हे नंतर भांडा. आधी प्रत्येक तालमीनं वर्षाला पाचशे रुपये भरणाऱ्या सभासदांची यादी करावी, बाईमाणसांसकट, त्यांना मत द्यावं आणि हिशोब तालमीच्या दारावर लावावा. मग कंपनी आलीच तर ती स्पॉन्सर म्हणून जर्सीवर येईल, मालक म्हणून नाही. आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूच्या कॉलेजच्या फीचा एक परिच्छेद त्याच्या नोंदणीच्या फॉर्ममध्येच टाकावा. पुढच्या सीझनच्या नोंदणीआधी केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची मीटिंग होईल, तिथं हा विषय मांडायला आपल्यातलं कोण तयार आहे ते ग्रुपवर कळवा. मसुदा मी लिहून देतो, इथल्या नियमांचे कागद वाचून, मराठीत.