गणपतीच्या सुट्टीत मुंबईत एकट्याने बरे होण्याची पद्धत

गणपतीची सुट्टी मुंबईत एकट्याने काढण्याचे भाग्य कोकणातल्या माणसाला सहसा लाभत नाही. त्यासाठी आधी कोकणच्या गाडीचे आरक्षण मिळालेले असावे लागते आणि मग ते वाया जाण्यासाठी डेंग्यू व्हावा लागतो. रेल्वेला आरक्षणासाठी ६० दिवस आधी गाठावे लागते. डासाचे काम मात्र चावल्यापासून ४ ते १० दिवसांत होते. ताप उतरला, त्यानंतरचे खरे धोक्याचे २४ ते ४८ तासही सरले, डॉक्टरांनी घरी सोडताना प्रवास करू नका असे बजावले आणि गावच्या गणपतीला कोणीतरी गेलेच पाहिजे म्हणून तुम्हीच घरच्यांना आग्रहाने पाठवून दिले, की तुमची सुट्टी सुरू झाली असे समजावे.

लालबाग-परळच्या चाळीत राहत असाल तर पहिल्याच सकाळी दार उघडे ठेवून बसावे, म्हणजे किल्ल्या घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांना कडी वाजवण्याचे कष्ट पडत नाहीत. ‘तू काय, घरीच आहेस ना,’ या वाक्याने प्रत्येकजण सुरुवात करील. त्याला उत्तराची अपेक्षा नसते, हे ओळखून हात पुढे करावा. काकूंच्या तुळशीला पाणी, समोरच्यांच्या माशांना खाणे, वरच्या आजोबांचे वीजबिल आणि कोणाचे तरी कधीही येऊ शकणारे पार्सल, एवढी कामे उरकून उरलेल्या वेळात विश्रांती घ्यावी. डेंग्यूनंतरचा थकवा कित्येकांना काही आठवडे पुरतो आणि गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले तरी धाप लागते, ही माहिती मनातच ठेवावी, कारण अंगात ताप नसलेला माणूस आजारी असतो यावर आपल्याकडे अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. जाता जाता एखादी मावशी आपल्याजवळची अंगदुखीची गोळी हातावर ठेवील. ती ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आभार मानून घ्यावी आणि खिडकीतून टाकून द्यावी.

दुपारी झोप लागण्याच्या सुमारास गावाहून फोन येऊ लागतील. ‘प्लेटलेट्स किती झाल्या?’ हा प्रश्न पूर्वी पगार विचारत त्याच आवाजात विचारला जातो, आणि तुमचा आकडा ऐकून समोरच्याची निराशा झाली तर दोष तुमचाच आहे. निरोगी माणसाच्या रक्तात त्या एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. तुमच्या ऐंशी हजारांपर्यंत उतरल्या होत्या असे सांगितलेत, तर पलीकडून ताबडतोब भाच्याच्या वीस हजार निघतील, आणि आपण आजारी पडण्यातही मागे राहिलो ही बोच तुम्हाला दिवसभर पुरेल. म्हणून पहिल्याच फोनला आकडा अठरा हजार सांगून मोकळे व्हावे. पुढे पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचे दूध हे तीन उपाय याच क्रमाने येतात. डेंग्यूवर खास असे औषध नाही, भरपूर पातळ पदार्थ, पॅरासिटामॉल आणि विश्रांती एवढेच डॉक्टरांनी सांगितले आहे, असे बोलण्याचा मोह आवरावा. ऐन गणपतीत परळमध्ये शेळी कुठे मिळेल एवढेच नम्रपणे विचारावे. फोन लवकर संपतो.

जेवणाची चिंता नसावी, कारण जेवण मिळणारच नसते. डबा देणाऱ्या ताई आणि नाक्यावरचे पोळीभाजीवाले हेही चाकरमानीच आहेत. मऊ भात, मेतकूट आणि तूप यांवर माणूस सुखाने राहतो, फक्त कुकरची शिट्टी मोजता येईल अशी शांतता हवी. ती मिळणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा नियमांत लिहिलेली आहे, पण ती एका ढोलाची असावी अशी पथकांची प्रामाणिक समजूत दिसते. कानांत कापूस घालून नवसाची रांग वरून पाहावी. इतकी धडधाकट माणसे तासन्‌तास उभी राहू शकतात, हे पाहून मनाला उभारी येते.

शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचा एक उपयोग मात्र मनापासून करावा. परतल्यावर नळाला पाणी नसले तर काय, या दूरदृष्टीने प्रत्येक बंद खोलीत एक पिंप काठोकाठ भरून उघडे ठेवलेले असते, आणि एडिस डासाला साठलेले स्वच्छ पाणी फार आवडते. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणजे गौरी-गणपतीची रजा त्याच्याच सोयीने बेतलेली असावी. पालिकेचा माणूस बॅटरी घेऊन पिंपे तपासायला येतो तेव्हा ‘आमच्याकडे नाहीत हो डास’ म्हणून त्याला दारातूनच परत लावणारे हेच सज्जन आहेत. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यांपैकी तुमचा एकच झाला आहे, आणि दुसऱ्या प्रकाराने गाठल्यास तो अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. तेव्हा कुलूप उघडावे, धाप लागली तर बसून घ्यावे आणि पिंप मोरीत ओतून द्यावे. तुळशीला पाणी घालायचे राहिले तरी चालेल.

मंडळी खाजे आणि ओल्या नारळाच्या पिशव्या घेऊन परततील तेव्हा ‘मजा आहे बुवा, नुसता आराम!’ असे म्हणतील. होकार द्यावा आणि खाजे घ्यावे. मग थोड्या वेळाने कोणीतरी रिकाम्या पिंपाजवळून ओरडेल. त्या वेळी पालिकेचा माणूस येऊन गेला असे सांगावे.